घरातले दोन पडदे

दुपारचे चार वाजले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून मेथी निवडत होते आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "मार त्याला! मागे आहे, मागे! डोक्यात घाल!" वाचकहो, तो आवाज माझ्या दहा वर्षांच्या नातवाचा होता. लहानपणी मुंगीवर पाय पडला तरी ज्याला रडू कोसळायचे, त्या मुलाचा. मेथीची जुडी तशीच टाकून मी धावले. पाहते तर स्वारी पलंगावर मांडी घालून बसलेली, कानांना हेडफोन, हातात आजोबांचा मोबाइल, आणि मी दारात येऊन उभी राहिले आहे हे त्याच्या गावीही नव्हते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हे दृश्य रोजचे झाले असेल. आमच्याकडे मुलगा आणि सून सकाळी सव्वासातची लोकल पकडतात आणि रात्री साडेआठच्या सुमारास घरी टेकतात. मधला सारा दिवस नातवंडे आम्हा दोघांच्या स्वाधीन. डोंबिवलीतल्या आमच्या एकट्या इमारतीत अशी निदान आठ-दहा घरे निघतील. तेव्हा हे लिहिते आहे ते मुख्यतः तुमच्यासाठी, ज्यांनी एकदा मुले वाढवून झाली आहेत आणि जे आता, गुडघे कुरकुरत असताना, दुसऱ्यांदा वाढवत आहेत.

त्या दिवशी मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो. पण ते सांगितल्यावाचून पुढचे सांगता येणार नाही. मी त्याच्या हातातला मोबाइल हिसकावून घेतला. तो ओरडला, "आजी, मध्येच नको, मध्येच नको!" मी ऐकले नाही. मोबाइल नेऊन तांदळाच्या डब्यात लपवला. मागोमाग तो स्वयंपाकघरात आला, ओट्यावरचा स्टीलचा पेला उचलला आणि भिरकावला. पेला लागला तो गडबड ऐकून आत आलेल्या आमच्या ह्यांच्या मनगटाला. आणि मग तो मला म्हणाला, "मारून टाकीन तुला!" माझा हात उठला. एकतीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवले. एवढ्या वर्षांत एका मुलावर कधी हात टाकला नव्हता. तो टाकला स्वतःच्या नातवावर.

रात्री मुलगा-सून आल्यावर घरात जी सभा भरली, तिचा निकाल आधीच ठरलेला होता. खेळाने पोराचे डोके बिघडवले आहे, मोबाइल बंद. ह्यांनी तर वर्तमानपत्रांतल्या तसल्या बातम्या एकामागून एक सांगायला सुरुवात केली. सून बिचारी गप्प बसून ऐकत होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, "आई, तुमचं म्हणणं खरंही असेल. पण एकदा डॉक्टरांना विचारू या का?"

दोन दिवसांनी आम्ही आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. धाकटी नात पाच वर्षांची. तिलाही बरोबर घ्यावे लागले, कारण ह्यांचे मनगट सुजले होते आणि ती एका जागी बसणाऱ्यांतली नाही. डॉक्टरांनी नातवाला बाहेर माशांच्या काचपेटीजवळ बसवले आणि आम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. झोप किती? जेवतो का? शाळेत जायला कुरकुर करतो का? मित्र आहेत का? खेळ थांबवल्यावर किती वेळात पूर्ववत होतो? खेळाचा संबंध नसताना कधी कोणाला मारले आहे का? मी उत्तरे देत गेले आणि देता देता माझ्या लक्षात आले की बहुतेक उत्तरे बरी होती. मग त्यांनी विचारले, "संध्याकाळी खाली खेळायला जातो?"

"नाही," मी म्हणाले, "हल्ली आम्ही पाठवत नाही. दिवस फार वाईट आहेत."

"म्हणजे? तुमच्या इमारतीत काही झालं का?"

"नाही."

"आसपास?"

मी आठवून पाहिले. एक सायकल चोरीला गेली होती, तीही दोन वर्षांपूर्वी.

"मग वाईट दिवस पाहिलेत कुठं?"

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात माझ्या मांडीवर बसलेली धाकटी बोलली, "टीव्हीत. तो काका बाईला पोत्यात घालतो."

वाचकहो, त्या खोलीत त्या क्षणी मला जे वाटले ते शब्दांत मांडणे अवघड आहे. ही मुलगी गेले दोन महिने एकटी न्हाणीघरात जात नव्हती. दार उघडे ठेवून कोणीतरी बाहेर उभे राहावे लागे. रात्री तिची आई तिला थोपटून निजवायची आणि मध्यरात्री ती पुन्हा दोघांच्या मध्ये येऊन झोपायची. आम्ही म्हणायचो, हट्टी झाली आहे, भावाचा मत्सर करते, बालवाडी बदलल्याचा परिणाम असेल. गुन्ह्यांच्या सत्यकथा नाट्यरूपात दाखवणारी ती मालिका रोज संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात लागत होती, आणि ती लावत होतो आम्ही दोघे. धाकटी तिथेच जमिनीवर चित्रे रंगवत बसलेली असायची. आम्हाला वाटायचे तिचे लक्षच नाही.

त्यानंतरचे काही आठवडे मी बरेच वाचले. शिक्षिकेची सवय, एखादी गोष्ट समजल्याशिवाय चैन पडत नाही. जे हाती लागले त्यातले थोडे तुमच्यापुढे ठेवते, कारण या विषयावर व्हॉट्सॲपवर जे फिरते ते एकतर घाबरवणारे असते किंवा अगदीच निष्काळजी.

१९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने साधारण तीन ते सहा वर्षांच्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या एका बाहुल्याला गुद्दे मारले, लाकडी हातोडीने ठोकले, हवेत उडवले आणि वर तोंडाने काहीबाही म्हटले. पुढे त्या मुलांना तशाच बाहुल्याजवळ सोडले, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी तेच केले. नुसते मारले नाही, तर हातोडीही तशीच चालवली आणि शब्दही तेच वापरले. दोन वर्षांनी हाच प्रयोग चित्रफीत आणि कार्टूनसदृश पात्र दाखवून केला, तेव्हाही मुलांनी अनुकरण केले. म्हणजे माणूस समोर असो की पडद्यावर, लहान मूल पाहते आणि उचलते. आपल्याला हे सांगायला प्रयोग लागला नसता म्हणा; आपण भाजीवाल्याशी घासाघीस कशी करतो याची हुबेहूब नक्कल आपल्या घरचे तीन वर्षांचे पोर करून दाखवतेच. पण त्या प्रयोगावर घेतलेला आक्षेपही मला पटतो. हवेचा बाहुला हा मुळी ठोसे मारण्यासाठीच असतो. त्याला मारणारे मूल उद्या माणसाला मारील, असे त्यातून सिद्ध होत नाही.

व्हिडिओ गेमविषयी तर तज्ज्ञांमध्येच वाद आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेने २०१५ साली म्हटले की, हिंसक खेळ आणि आक्रमक वागणे यांचा संबंध आढळतो. २०२० साली तिने आपली भूमिका आणखी नेमकी केली: संबंध आहे, पण लहानसा, आणि तो ओरडणे, ढकलाढकली अशा वागण्याशी, खून-मारामारीसारख्या गंभीर हिंसेचे खापर या खेळांवर फोडायला पुरेसा आधार नाही. २०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या वागण्याविषयी त्यांच्या पालकांना विचारले आणि खेळ किती हिंसक हे मुलांच्या सांगण्यावर न सोडता अधिकृत वयश्रेणीवरून ठरवले. त्यांना असा संबंध आढळलाच नाही.

मी यातून एवढेच घेतले की खेळामुळे आपला नातू गुन्हेगार होईल ही धास्ती सोडावी. पण म्हणून दहा वर्षांच्या मुलाच्या हाती कोणताही खेळ द्यावा असे मुळीच नाही. त्याच्या त्या खेळावर, तो जिथून उतरवून घेतला त्या पानावर, १६ हा आकडा छापलेला होता. प्ले स्टोअरवर प्रत्येक खेळाला ३, ७, १२, १६, १८ असा वयाचा आकडा दिलेला असतो. आमच्या घरातल्या चार मोठ्या माणसांपैकी एकानेही तो पाहिला नव्हता. औषधाच्या बाटलीवरची मुदत चष्मा लावून तपासणारे आम्ही!

आता त्या 'मध्येच नको'विषयी. हे मला समजले ते पुस्तकातून नव्हे, ह्यांच्यामुळे. मनगटाची सूज उतरल्यावर एका रविवारी हे नातवाजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "मला शिकव बघू, काय असतं ते." नातवाला आधी खरे वाटेना. मग त्याने अगदी गुरुजींच्या थाटात समजावून दिले. शंभर खेळाडू विमानातून छत्रीने एका बेटावर उतरतात. बंदुका, औषधे, शिरस्त्राणे शोधायची. बेटाभोवतीचे वर्तुळ हळूहळू आवळत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. एकट्याने खेळता येते किंवा चौघांची तुकडी करून. नातवाच्या तुकडीत त्याच्या वर्गातली आणखी तीन मुले होती. एक फेरी वीस ते तीस मिनिटे चालते आणि ती मध्ये थांबवण्याची सोय नसते, कारण बाकीचे खेळाडू आपापल्या घरी त्याच क्षणी खेळत असतात. आपण उठलो तर आपल्या तीन मित्रांचा घात होतो.

ह्यांनी खेळून पाहिले. "आजोबा, वाका ना! खाली वाका!" असे नातू ओरडेपर्यंत ह्यांचा अवतार आटोपला होता. दोघेही इतके हसले की मी स्वयंपाकघरातून पाहायला आले. मग हे माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना कोणी टीव्ही बंद केला तर मी काय करतो?" काय करतात ते मला चांगले ठाऊक आहे. १९९६ साली दिवाणखान्यातली फुलदाणी अशाच एका षटकात गेली.

याने नातवाचा पेला फेकणे योग्य ठरत नाही. पण मी ज्याला हिंसेचे विष समजत होते त्यातला मोठा भाग हा ऐन रंगात आलेला डाव मोडल्याचा संताप होता. तेव्हापासून मी "बंद कर" म्हणणे सोडून "फेरी किती राहिली?" असे विचारू लागले. तो सांगतो, सात मिनिटे, आणि बहुधा सात मिनिटांनीच उठतो. नेहमी नाही. एकदा 'पोट दुखतंय' म्हणून न्हाणीघरात अर्धा तास बसला, तेव्हा मोबाइलही जाग्यावर नव्हता. मुले मुलेच असतात.

पण वाचकहो, मला खरोखर हादरवले ते दुसऱ्याच एका संशोधनाने, आणि ते मुलांवरचे नव्हतेच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जॉर्ज गर्बनर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे अनेक वर्षे टीव्हीवरची हिंसा मोजली आणि तो पाहणाऱ्या माणसांचे मन तपासले. त्यांचे म्हणणे असे की, फार टीव्ही पाहणारा माणूस हिंसक होतो की नाही हा एक प्रश्न झाला. त्याहून निराळी गोष्ट म्हणजे तो भित्रा होतो. जग प्रत्यक्षात आहे त्याहून कितीतरी क्रूर आहे, कोणावरही विश्वास टाकण्यात अर्थ नाही, बाहेर पडणे धोक्याचे आहे, असे त्याला वाटू लागते. यावरही टीका झाली. मुळातच भित्री माणसे घरात बसून जास्त टीव्ही पाहत असतील, उलटे कशावरून नाही, असे काहींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण मी माझ्या घरापुरते पडताळून पाहिले.

ह्यांनी निवृत्तीनंतर ती मालिका पाहायला सुरुवात केली. आधी आठवड्यातून दोनदा, मग रोज, त्याला जोडून बातम्यांच्या वाहिनीवरचा आरडाओरडा. वर्षभरात दाराला दुसरी कडी बसली. मग साखळी. मग रात्री दोनदा उठून कडी तपासणे सुरू झाले. गॅसचे सिलिंडर आणणाऱ्या, पंधरा वर्षे ओळखीच्या माणसालाही आम्ही दारातच थांबवू लागलो. आणि मग एके दिवशी लहान मुलीच्या अपहरणाचा एक भाग पाहिला नि दुसऱ्या दिवसापासून नातवाचे खाली खेळायला जाणे बंद झाले. आठ वर्षांचा होता तेव्हा. दुपारभर, संध्याकाळभर घरात. रडायचा, खिडकीच्या गजांना धरून खालच्या मुलांना हाका मारायचा. त्याला गप्प करायला ह्यांनी स्वतःचा मोबाइल त्याच्या हातात दिला.

हे सारे एका ओळीत मांडले तेव्हा माझे मलाच कळले. नातवाच्या हातात बंदुकीचा खेळ आला तो आमच्या भीतीमुळे, आणि आमची भीती आली ती समोरच्या भिंतीवरच्या त्या पडद्यातून. छोट्या पडद्याला शिव्या देत होतो आणि मोठा पडदा आमच्या पाठीशी चालूच होता.

लहान मुलांच्या भीतीविषयी जोअॅन कॅन्टर या अमेरिकन अभ्यासिकेने पुष्कळ काम केले आहे. साधारण सातएक वर्षांच्या आतल्या मुलांना 'ते खोटे असते, तो नट असतो, ते रक्त म्हणजे रंग असतो' असे समजावून फारसा उपयोग होत नाही. त्यांना जवळ घेणे, हातात आवडती वस्तू देणे, पडद्यापासून दूर नेणे याने बरे वाटते. मोठ्या मुलांचे उलट. त्यांना काल्पनिक भुतांपेक्षा खऱ्या बातम्यांची भीती अधिक, पण त्यांच्याशी बोलून ती कमी करता येते. आणखी एक ध्यानात घ्यावे: बातम्यांत एखाद्या अपघाताची तीच चित्रफीत वीस वेळा दाखवतात. आपल्याला कळते की घटना एकच आहे. पाच वर्षांच्या मुलाला वाटू शकते की वीस गाड्या जळाल्या. मी धाकटीला 'ते खरं नसतं गं' असे दहादा सांगितले होते, आणि ती दहाही वेळा मान हलवून पुन्हा माझा पदर धरून न्हाणीघरापर्यंत आली होती. आता त्याचे कारण कळते.

या सगळ्यावर एखादा जाणता वाचक म्हणेल, बाई, आपल्या वेळी काय कमी होते? खरे आहे. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झाले तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता. चाळीतल्या बारा-पंधरा पोरांनी खराट्याच्या काड्यांचे बाण आणि बांबूच्या कामट्यांचे धनुष्य करून असा धुमाकूळ घातला होता की एका काडीने शेजारच्या आजोबांचा चष्मा फुटला. नशिबाने काच डोळ्यात गेली नाही. पुढे १९९७ साली शक्तिमान आला, आणि त्याचे अनुकरण करताना मुले जखमी झाल्याच्या बातम्या आल्या. त्या किती खऱ्या यावर तेव्हाही वाद झाला, पण नटाला पडद्यावर येऊन मुलांना 'हे करू नका' असे सांगावे लागले. तेव्हा अनुकरण नवे नाही. मात्र रामायण पाहताना चाळीतली तीस माणसे एका खोलीत होती. युद्धाच्या वेळी पोरे घाबरली तर कोणाच्या तरी मांडीवर जात, आणि आजी रावणाच्या गुणांविषयीही दोन शब्द सांगे. माझा नातू कानाला हेडफोन लावून बंद खोलीत एकटा होता, आणि त्या हेडफोनमधून त्याच्याशी कोण बोलत होते हे आम्हाला ठाऊक नव्हते. (शोध घेतल्यावर कळले की तीन वर्गमित्रांव्यतिरिक्त कधी कधी अनोळखी मोठी मुलेही असत, आणि त्याच्या तोंडी आलेली एक शिवी तिथूनच आली होती. बंदुकीपेक्षा मला याची काळजी अधिक वाटली. अनोळखी खेळाडूंशी बोलणे सेटिंगमधून बंद करता येते. आता बंद आहे.)

आणखी एक गैरसमज आमच्या पिढीत आहे. पबजीवर सरकारने बंदी घातली ती हिंसेमुळे, असे पुष्कळजण सांगतात. २ सप्टेंबर २०२० रोजी ज्या ११८ ॲपवर बंदी आली त्यांत तो खेळ होता, पण कारण दिले होते ते देशाच्या सुरक्षिततेचे आणि वापरणाऱ्यांच्या माहितीच्या गैरवापराचे. बंदी आली की दुसरा खेळ येतो, हे नातवंडांना आपल्याआधी कळलेले असते. सरकार आपले काम करील. घरातली बंदी किंवा परवानगी आपल्यालाच ठरवायची आहे.

आम्ही काय ठरवले ते सांगते. ते आमच्या घरापुरते. संध्याकाळी साडेपाच ते सात नातू खाली असतो आणि हे खालच्या कट्ट्यावर. सुरुवातीला हे पहारेकऱ्यासारखे उभे राहत. आता तिथे आणखी तीन आजोबा जमतात आणि मुलांकडे कोणाचे किती लक्ष असते याविषयी मला शंकाच आहे. १६ वर्षांचा तो खेळ काढून टाकला. यावर तीन दिवस घरात अबोला होता. त्याच्या बदल्यात त्याने आणि त्याच्या वडिलांनी मिळून मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ निवडला, रोज पाऊण तास. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पडद्याचा वेळ दिवसाला दोन तासांपेक्षा कमी असावा असे सुचवले आहे. दोन ते पाच वर्षांसाठी फार तर एक तास, आणि दोन वर्षांच्या आत अजिबात नाही, दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलणे एवढाच अपवाद. या हिशेबात टीव्हीही धरायचा असतो, हे विसरू नये.

आणि तो मोठा पडदा. खरे सांगू? नातवाचा खेळ सुटण्यापेक्षा ह्यांची मालिका सुटणे अवघड गेले. "या वयात माझा एवढा एक विरंगुळा," असे म्हणून हे रुसले, दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. दोघेही रुसलेले, एक दहा वर्षांचा आणि एक त्र्याहत्तर वर्षांचे. मी आणि सून एकमेकींकडे पाहत होतो. आता मुले निजेपर्यंत दिवाणखान्यातला टीव्ही गुन्ह्यांच्या मालिकांसाठी बंद. बातम्या सकाळी वर्तमानपत्रात. वर्तमानपत्रातल्या खुनाला आवाज नसतो आणि पार्श्वसंगीत तर मुळीच नसते. रात्री दहानंतर हे हवे ते पाहू शकतात, आणि कधी कधी पाहतातही. झोप सुधारली का असे विचारले तर "काही फरक नाही" म्हणतात. रात्री कडी तपासायला मात्र हल्ली एकदाच उठतात.

काही घरांत गोष्ट आमच्यासारखी सोपी नसेल, याची मला जाणीव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून अमलात आले, खेळाच्या व्यसनाला विकार म्हणून स्थान मिळाले आहे. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, असे साधारण वर्षभर चालले आणि अभ्यास, नाती, झोप यांची वाताहत झाली, तर तो हट्ट राहत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा रुग्णांसाठी २०१४ पासून वेगळा दवाखाना चालतो. इतक्या दूर जायची गरज सगळ्यांना नसते. जवळच्या बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करावी. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. मूल स्वतःला इजा करू लागले, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागले, मुक्या प्राण्यांना छळू लागले, किंवा आठवडेच्या आठवडे शाळा नको म्हणू लागले, तर वर्षाची वाट पाहू नये. आणि घरातल्या वृद्धाला मार बसत असेल तर तो लाजेने झाकूही नये. ह्यांनी मनगटाविषयी शेजाऱ्यांना 'घसरून पडलो' असे सांगितले होते. डॉक्टरांसमोरही तेच सांगायचे असे त्यांच्या मनात होते. नातवाची बदनामी नको म्हणून. मी त्यांना तसे करू दिले नाही.

त्या थपडेविषयी मी नातवाची क्षमा मागितली. पंधरा दिवसांनी मागितली, कारण त्याआधी माझ्याच्याने होईना. तो गृहपाठ करत होता. मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुला मारलं, ते चुकलं माझं." त्याने वहीतून डोके वर केले नाही. बराच वेळाने म्हणाला, "मी पण बोललो ना तसं." मग आणखी थोड्या वेळाने, "आजी, ते मी तुला नव्हतो म्हणालो. म्हणजे, तुलाच म्हणालो. पण खरं नव्हतं." मी म्हणाले, "मला माहीत आहे." खरे तर त्या क्षणापर्यंत मला नक्की माहीत नव्हते.

धाकटी अजून न्हाणीघराचे दार पूर्ण लावत नाही. पण बाहेर कोणी उभे राहावे लागत नाही; आत शिरली की ती मोठमोठ्याने गाऊ लागते, बालवाडीतले एकच गाणे, पुन्हा पुन्हा, आम्ही सगळे घरात आहोत ना याची खात्री करून घेत. काल संध्याकाळी मी मेथी निवडत असताना ते गाणे मध्येच थांबले. मी हाक मारली, "काय गं, झालं का?"

"नाही," आतून आवाज आला, "पुढचं कडवं आठवतेय."